स्टार इव्हेंट वर्गातच करून घ्या: अमेरिकेत होम सायन्स शिकवायला आलेल्या शिक्षकांसाठी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेने वेळापत्रक हातात दिलं, तेव्हा रोजच्या तासिकांच्या खाली आणखी एक ओळ होती: एफसीसीएलए ॲडव्हायझर. होम सायन्समध्ये बी.एस्सी., मग बी.एड., मग आठ वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवणं, एवढं करून मी इथे आले होते. पण ही चार-पाच अक्षरं मी कधी ऐकली नव्हती. विचारल्यावर कळलं की मुलांना स्पर्धेला न्यायचं असतं. मला वाटलं, गॅदरिंगसारखं काम असेल. शाळा सुटल्यावर मुलांना थांबवायचं, तयारी करून घ्यायची आणि बसमध्ये बसवून न्यायचं.

पहिलं वर्ष मी तसंच केलं. पाच मुली थांबायच्या. जानेवारीत दोघींनी सोडलं. एकीला दुपारची नोकरी लागली आणि दुसरीला धाकट्या भावाला शाळेतून आणायचं असायचं. दोघीही हुशार होत्या, कामाला चोख होत्या. त्यांच्याकडे शाळा सुटल्यानंतरचा वेळ नव्हता, एवढंच. मला ते फार लागलं. ज्या मुलांना अशा अनुभवाची सगळ्यात जास्त गरज आहे, तीच मुलं शाळा सुटल्यावर थांबू शकत नाहीत. सगळ्यांकडे हमखास असलेला वेळ एकच, तो म्हणजे तासिकेचा. दुसऱ्या वर्षापासून मी स्पर्धेचा प्रकल्प वर्गातच सगळ्यांना करायला लावला. कोणाला स्पर्धेला जायचं ते नंतर ठरतं. ही पद्धत बसवायला मला तीन वर्षं लागली. तुम्हाला एका सत्रात जमावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडी ओळख

इथे होम इकॉनॉमिक्स हे नाव आता जवळजवळ गेलं आहे. 1994 पासून विषयाचं नाव फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस. लोक एफसीएस किंवा फॅक्स म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. या विषयाच्या मुलांची देशव्यापी संघटना म्हणजे एफसीसीएलए, पूर्ण नाव फॅमिली, करिअर अँड कम्युनिटी लीडर्स ऑफ अमेरिका. 1945 साली शिकागोत ती फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका या नावाने सुरू झाली. त्याच वर्षी, ज्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या होत्या तिथल्या मुलींसाठी न्यू होममेकर्स ऑफ अमेरिका ही दुसरी संघटना निघाली. दोन्ही 1965 मध्ये एक झाल्या. आजचं नाव 1999 पासूनचं. शाळेतल्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि शिक्षकाला ॲडव्हायझर.

स्पर्धांना स्टार इव्हेंट्स म्हणतात. स्टार म्हणजे स्टुडंट्स टेकिंग ॲक्शन विथ रेकग्निशन. इयत्तेप्रमाणे पातळ्या असतात: आठवीपर्यंत लेव्हल 1, नववी-दहावीला लेव्हल 2, अकरावी-बारावीला लेव्हल 3. त्यापुढच्यांसाठी लेव्हल 4.

आपल्याला सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं ते गुणांचं गणित. 100 पैकी 90 आणि वर मिळाले की सुवर्ण, 70 ते 90 च्या आत रौप्य, त्याखाली कांस्य. म्हणजे एका खोलीत दहा मुलं असतील आणि दहाही नव्वदच्या वर गेली, तर दहाही जणांना सुवर्ण. राज्य पातळीवर किंवा राष्ट्रीय पातळीवर पुढे कोण जाणार, ते राज्याच्या नियमाने ठरतं. पण पदक मुलाने गाठलेल्या दर्जाचं असतं, शेजारच्याला हरवण्याचं नसतं. म्हणूनच हे वर्गात चालतं. पहिला-दुसरा-तिसरा असा नंबर काढणारी स्पर्धा मी वर्गात कधीच आणली नसती.

1. मुख्याध्यापकांशी बोलून घ्या

हे पहिल्याच आठवड्यात करा. स्पर्धेचं काम तासिकेत करता म्हटल्यावर कोणीतरी विचारणारच की अभ्यासक्रमाचं काय. उत्तर तयार ठेवा. एफसीसीएलए हा अभ्यासक्रमाबाहेरचा क्लब नाही, तो विषयाचाच भाग धरला जातो. व्यावसायिक शिक्षणाला केंद्राचा पैसा ज्या पर्किन्स कायद्यातून येतो (त्याची 2018 ची आवृत्ती सध्या लागू आहे), त्यात अशा विद्यार्थी संघटनांचा उल्लेख आहे. पण नुसतं कायद्याचं नाव घेऊ नका. विषयाच्या राष्ट्रीय मानकांचा कागद समोर ठेवा आणि प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यात कोणतं मानक शिकवलं जातं, ते एका पानावर लिहून द्या. मी असं पान दिल्यापासून मला पुन्हा कोणी विचारलं नाही.

2. वर्गात बसतील असेच इव्हेंट निवडा

तीसेक इव्हेंट्सची यादी पाहून दडपण येतं. सगळे वर्गासाठी नसतात. कलिनरी आर्ट्समध्ये तिघांचा संघ जागेवर स्वयंपाक करतो. त्यासाठी अठ्ठावीस मुलांचा वर्ग एका स्वयंपाकघरात उभा करता येत नाही. पार्लमेंटरी प्रोसिजरला सभेचा सराव लागतो, तोही चॅप्टरच्या बैठकीतच बरा. माझ्या अनुभवाने कोणत्या तासाला काय जमतं ते सांगते:

- करिअरच्या प्राथमिक कोर्सला: करिअर इन्व्हेस्टिगेशन किंवा जॉब इंटरव्ह्यू. दोन्ही एकट्याने करायचे, सामान जवळजवळ लागत नाही. पहिल्या वर्षी इथूनच सुरुवात करा.
- बालविकासाला: फोकस ऑन चिल्ड्रन. मुलांसाठी एखादा उपक्रम आखून प्रत्यक्ष करायचा.
- पोषणाला: स्पोर्ट्स न्यूट्रिशन. एका खऱ्या खेळाडू विद्यार्थ्यासाठी खाण्यापिण्याची योजना करायची. मुलांना आपला मित्रच गिऱ्हाईक म्हणून मिळतो, त्यामुळे फार मन लावून करतात.
- वस्त्रशास्त्राला: रीपर्पज अँड रीडिझाइन. वापरलेल्या वस्तूतून नवी वस्तू.
- गृहसजावटीला: इंटिरिअर डिझाइन. दिलेल्या गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे आराखडा.
- अन्नशास्त्राला: फूड इनोव्हेशन्स. नवा पदार्थ तयार करून लोकांना चाखायला देऊन तपासायचा. हा छान आहे, पण पहिल्या वर्षी घेऊ नका.

एका वर्गाला एकच इव्हेंट द्या. मी दुसऱ्या वर्षी उत्साहाने एकाच वर्गात पाच इव्हेंट्स चालू ठेवले. पाच प्रकारचे नियम, पाच रुब्रिक (कशाला किती गुण ते सांगणारे तक्ते), आणि रोज मुलं विचारायची की आमच्याला बोर्ड लागतो की फाइल. मलाच आठवत नसे.

3. त्याच वर्षाची नियमावली उतरवून घ्या

नियम दरवर्षी सुधारले जातात. सहकाऱ्याने दिलेली दोन वर्षांपूर्वीची प्रत कितीही नीट असली तरी वापरू नका. आमच्या एका वर्षीच्या नियमात डिस्प्लेची मर्यादा 48 इंच रुंद, 48 इंच उंच, 30 इंच खोल अशी होती. एका जोडीने बोर्ड बरोबर मापाचा केला, पण त्याच्या कडेला दिव्यांची माळ लावली, ती दोन इंच बाहेर आली. खोलीत मोजपट्टी घेऊन कोणी येतं, हे त्यांना खरंच वाटलं नव्हतं. येतं. त्या व्यक्तीला रूम कन्सल्टंट म्हणतात. वेळेवर येणं, पोशाख, माप, पानं या गोष्टींचे गुण तीच देते. प्रकल्पाचे गुण इव्हॅल्युएटर, म्हणजे परीक्षक, देतात.

नियमावलीतलं आणखी एक वाक्य मी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावते: प्रकल्पाचं नियोजन आणि काम सहभागी मुलांनीच करायचं. मदत घेता येते, पण ती मुलांनी स्वतः मिळवलेली हवी आणि कोणाची घेतली ते नमूद केलेलं हवं. आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगावं लागतं. रात्री अकराला थर्माकोल कापत बसलेले आईबाबा आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. इथल्या मराठी पालकांनाही ती सवय आहे, आणि ती प्रेमापोटीच आहे. पण इथे परीक्षक मुलाला विचारतो, हे कापताना तुला काय अडचण आली? तेव्हा मूल गप्प होतं.

4. लागणारी कागदपत्रं आणि सामान

ही यादी मी सत्राच्या आधीच एका खोक्यात भरून ठेवते.

कागद: इव्हेंटची नियमावली आणि रुब्रिक, प्रत्येक मुलासाठी छापलेली. प्लॅनिंग प्रोसेसचा, म्हणजे प्रकल्पाच्या पाच टप्प्यांचा (ते पुढे येतात), कोरा तक्ता. पालकांचं संमतीपत्र. फोटो वापरायची परवानगी. बाहेर जाणार असाल तर शाळेचा सहलीचा अर्ज. खाण्याचा प्रकल्प असेल तर ॲलर्जीची माहिती. स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी सदस्यत्वाची नोंदणी.

सामान: प्रत्येकाला एक साधी वही, तारखेचा शिक्का, मोजपट्टी, प्लॅस्टिकचे खोके (प्रत्येक गटाला एक, नाव लिहून). शिवणाचा प्रकल्प असेल तर कपडा कापायच्या कात्र्या कागदाच्या कात्र्यांपासून वेगळ्या आणि कुलपात.

ॲलर्जीबद्दल थांबून सांगते. इथल्या कायद्याने नऊ मुख्य ॲलर्जेन्स मानली आहेत: दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ या यादीत 1 जानेवारी 2023 पासून आला. आपल्या हाताला शेंगदाण्याचं कूट आणि तीळ इतके सरावाचे आहेत की चटकन लक्षात येत नाही. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटायचं माझ्या मनात होतं. शाळेच्या नर्सकडे यादी पाहिली आणि वेगळं काही केलं. चाखणीचा कुठलाही कार्यक्रम नर्सला विचारल्याशिवाय ठेवू नका.

फोटोंचंही तसंच. विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या नोंदींना 1974 च्या फर्पा कायद्याचं संरक्षण आहे, आणि फोटोंबाबत प्रत्येक शाळेचे आपले नियम असतात. फोकस ऑन चिल्ड्रनमध्ये लहान मुलांचे फोटो पोर्टफोलिओत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलीत, येतात. त्या मुलांच्या पालकांची परवानगी आधी हवी. माझ्याकडे एका गटाला आयत्या वेळी सहा पानं काढावी लागली.

5. प्रश्न मुलाचाच असू द्या

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. एफसीसीएलएची प्लॅनिंग प्रोसेस पाच टप्प्यांची आहे: आयडेंटिफाय कन्सर्न्स, सेट अ गोल, फॉर्म अ प्लॅन, ॲक्ट, फॉलो अप. म्हणजे काय सलतंय ते शोधा, ध्येय ठरवा, आराखडा करा, काम करा, मागोवा घ्या. ऐकायला साधं आहे. पण पहिल्या टप्प्यावरच सगळं ठरतं, आणि पहिल्या टप्प्यावरच आपल्यासारखे शिक्षक घाई करतात. आपल्याकडे विषय शिक्षकाने द्यायचा असतो. 'अनुक्रमांक 1 ते 5, विषय पाण्याची बचत' असं फळ्यावर लिहायची सवय मला होती. मी तशी यादी दिली, मुलांनी मुकाट्याने घेतली, आणि अठ्ठावीस निर्जीव प्रकल्प आले.

वस्त्रशास्त्राच्या वर्गातली एक मुलगी सांगते तुम्हाला. रीपर्पज अँड रीडिझाइन चाललं होतं. तिने 'कन्सर्न' म्हणून लिहिलं होतं: जगात कपड्यांचा फार कचरा होतो. खरं आहे, पण ते तिचं नव्हतं. मी तिच्या बाकाशेजारी स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, तुमच्या घरात अशी कोणती गोष्ट आहे, जिचं काय करावं कोणालाच कळत नाही? ती बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिली. मग म्हणाली, बाबांचे शर्ट. वडिलांनी कारखान्यातली नोकरी सोडली होती. कामाचे जाडेभरडे चौदा शर्ट कपाटात टांगलेले, खिशावर नाव भरतकाम केलेलं. ते घालत नाहीत, आणि आई टाकू देत नाही.

मी म्हटलं, हे लिही.

त्याची तिने गोधडी केली. क्विल्ट म्हणा हवं तर, पण ती पाहताना माझ्या डोळ्यांपुढे आजीचा धावदोराच होता, आणि तो मी तिला हातावर शिकवला. ध्येय तिने असं लिहिलं: 15 नोव्हेंबरपर्यंत, 14 शर्टांतून, 50 बाय 60 इंचांची एक गोधडी, खर्च 25 डॉलरच्या आत. ध्येय असंच मोजता येणारं हवं. 'कचरा कमी करणे' याचं मोजमाप होत नाही, 15 नोव्हेंबरचं होतं.

पहिले तीस चौकोन तिने बरोबर दहा इंचांचे कापले. शिवणीची जागा धरायची राहिली. पाव इंच या बाजूला, पाव इंच त्या बाजूला, म्हणजे शिवल्यावर प्रत्येक चौकोन साडेनऊचा. रुंदीला पाच चौकोनांचे साडेसत्तेचाळीस, उंचीला सहा चौकोनांचे सत्तावन्न. हिशेब चुकला हे तिला तिसरी ओळ जोडताना कळलं. रडवेली झाली होती. मी तिला वहीत तारीख टाकून जे झालं ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं, आणि मग उपाय तिलाच शोधायला लावला. तिने उरलेल्या बाह्यांच्या पट्ट्या काढून चारी बाजूंनी काठ लावला. रुंदीला सव्वा-सव्वा इंच, उंचीला दीड-दीड. गोधडी 50 बाय 60 झाली. नाव भरलेले खिसे तिने मधल्या चौकोनांत तसेच ठेवले.

विभागीय स्पर्धेत परीक्षकाने बोट ठेवून विचारलं, हा काठ मूळ आराखड्यात दिसत नाही? तिने वही उघडली आणि ऑक्टोबरातलं ते पान दाखवलं.

6. आराखड्याला पूर्ण दोन आठवडे द्या

फॉर्म अ प्लॅनमध्ये कोण, काय, कुठे, केव्हा, कसं, किती खर्च, काय सामान, आणि यश कसं मोजणार, हे सगळं येतं. मुलांना लगेच कात्री हातात हवी असते. देऊ नका. आराखड्यावर तुमची सही झाल्याशिवाय सामानाचं कपाट उघडायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि कोणासाठी मोडू नका.

माझं सत्र अठरा आठवड्यांचं असतं. त्यातले नऊ आठवडे मी प्रकल्पाला देते, तेही रोजचे नाहीत. आठवड्यातले तीन दिवस प्रकल्प, दोन दिवस नेहमीचं शिकवणं. प्रश्न शोधायला एक आठवडा, ध्येय आणि आराखड्याला दोन, कामाला चार, सादरीकरणाला एक, मागोव्याला एक. आणि नेहमीचं शिकवणं त्या प्रकल्पाला लागेल तसंच ठेवते. कापडाचे तंतू शिकवायचे ते चौकोन कापायच्या आठवड्यात. त्या दिवशी कॉटन आणि पॉलिएस्टर मिश्रणावर इस्त्री किती गरम ठेवायची हा प्रश्न मुलंच विचारतात.

गट तिघांपर्यंतच ठेवा. बहुतेक इव्हेंट्सची मर्यादा तीच आहे, आणि चौथा माणूस नेहमी फोन बघत बसतो.

7. वही रोज, पोर्टफोलिओ शेवटी

होम सायन्सची जर्नल आपण सगळ्यांनी लिहिली आहेत. सबमिशनच्या आदल्या रात्री, सीनिअरची फाइल समोर ठेवून, तारखा मागच्या टाकून. मला ते आठवतं तेव्हा वाईट वाटतं, कारण त्या प्रॅक्टिकल्समध्ये खूप काही शिकण्यासारखं होतं आणि आम्ही ते कागदावर उतरवण्यातच घालवलं. इथेही मुलं तेच करू पाहतात. प्लॅनिंग प्रोसेसचं पान सगळं झाल्यावर मागाहून भरतात. परीक्षकांच्या ते लगेच लक्षात येतं, कारण मागाहून भरलेल्या पानात एकही बदल नसतो. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलेलं असतं.

यावर माझा उपाय तारखेचा शिक्का. तास संपायच्या आधी चार मिनिटं वही उघडायची, आज काय केलं आणि काय अडलं ते तीन ओळींत लिहायचं, दारात मी शिक्का मारते. शिक्का नसलेलं पान धरत नाही. नऊ आठवड्यांनी पोर्टफोलिओ करायला बसलं की सगळा मजकूर तयार असतो.

पोर्टफोलिओत दोन पानांवर मुलं हमखास गुण घालवतात. प्रोजेक्ट आयडेंटिफिकेशन पेज साध्या कागदावर, काहीही सजावट न करता द्यायचं असतं. मुलं त्यावर फुलं काढतात. आणि प्लॅनिंग प्रोसेसचा सारांश एका पानात बसवायचा असतो. तिसरी गोष्ट संदर्भांची. चित्र कुठून घेतलं, माहिती कुठली, कोणी शिकवलं, सगळं लिहायचं. मी त्या मुलीला धावदोरा शिकवला, ते तिने माझं नाव घालून लिहिलं आहे.

8. बाहेरचे परीक्षक वर्गात बोलवा

अठ्ठावीस मुलांचे बारा-तेरा प्रकल्प होतात. दहा मिनिटांचं एक सादरीकरण धरलं तर माझ्या सत्तेचाळीस मिनिटांच्या तासात चार बसतात. तीन दिवस, फार तर चार.

या तीन दिवसांसाठी बाहेरची माणसं बोलवा. निवृत्त शिक्षिका, बँकेतलं कोणी, शाळेची नर्स, बेकरी चालवणारं कोणी. काउंटी एक्स्टेन्शनच्या ऑफिसला फोन करायला विसरू नका. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, आणि एक्स्टेन्शन म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत नेणारी सेवा. 1914 च्या स्मिथ-लेव्हर कायद्यापासून ही व्यवस्था चालू आहे, जवळजवळ प्रत्येक काउंटीत ऑफिस असतं, आणि तिथली माणसं पोषण, शिवण, घरखर्च यातली जाणकार असतात. मला त्यांनी एकदाही नाही म्हटलेलं नाही. परीक्षकांना रुब्रिक आठवडाभर आधी पाठवा आणि आदल्या दिवशी दहा मिनिटं बोलून घ्या. नाहीतर प्रेमळ माणसं सगळ्यांना पूर्ण गुण देतात आणि मुलांना काहीच कळत नाही.

आपल्याकडच्या व्हायव्यात एक्स्टर्नल काय विचारेल याची धास्ती असायची. इथे रुब्रिक पहिल्या दिवसापासून मुलांच्या हातात असतं. मी पहिल्या आठवड्यात एक तास फक्त तेच वाचायला देते. पाच गुणांच्या चौकटीत काय लिहिलंय आणि तीनच्या चौकटीत काय, त्यातल्या फरकाखाली रेघ मारायची. मग मागच्या वर्षीचा एक पोर्टफोलिओ (नावं झाकून, मुलांना विचारून) देते आणि त्यांनाच गुण द्यायला सांगते. दुसऱ्याला गुण देताना मुलं फार कडक असतात. तो कडकपणा मग स्वतःच्या कामात येतो.

9. वर्गाचे गुण आणि पदक वेगळे ठेवा

स्टार इव्हेंटचं रुब्रिक जसंच्या तसं रिपोर्ट कार्डात उतरवू नका. त्यात सादरीकरणाला बरंच वजन असतं. जे मूल बोलायला बुजतं, किंवा ज्याला इंग्रजी येऊन वर्षच झालं आहे, त्याचं उत्तम काम त्यात झाकलं जातं. माझी वाटणी अशी: आराखडा 25, रोजची वही 20, तयार झालेली वस्तू किंवा उपक्रम 25, सादरीकरण 20, मागोवा 10. बुजऱ्या मुलांचं सादरीकरण मी जेवणाच्या सुट्टीत दोनच परीक्षकांसमोर घेते. विशेष शिक्षणाच्या योजनेत असलेल्या मुलांसाठी त्यांच्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचारा, काय सवलत लागेल ते.

स्पर्धेला जाणं ऐच्छिक ठेवा आणि त्यासाठी जास्तीचे गुण देऊ नका. प्रत्यक्ष स्पर्धेला सदस्यत्वाची फी लागते, प्रवास लागतो, पोशाख लागतो. ज्याच्या घरी ते परवडत नाही, त्याच्या रिपोर्ट कार्डात ते दिसता कामा नये. फी कोणाला जड जाते ते वर्गात विचारू नका. मी सगळ्यांना एकच फॉर्म देते, त्यात 'चॅप्टरने भरावी' अशी चौकट असते. ती रक्कम आम्ही बेक सेलमधून, म्हणजे केक-बिस्किटं विकून आलेल्या पैशातून, बाजूला ठेवतो. काळे पँट आणि पांढरे शर्ट मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून वर्षभर जमवते. माझ्या कपाटात आता सगळी मापं आहेत.

नोंदणीची शेवटची तारीख प्रत्येक राज्याची वेगळी असते आणि अनेकदा सादरीकरणाच्या आधीच येते. ऑगस्टमध्येच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. विभागीय फेऱ्या साधारण हिवाळ्यात, राज्याची वसंतात, राष्ट्रीय परिषद उन्हाळ्याच्या सुट्टीत. आणि प्रकल्प त्याच वर्षाचा हवा, 1 जुलै ते 30 जून यातला. मागच्या वर्षीचं चांगलं काम पुन्हा नेता येत नाही.

10. शेवटचा आठवडा मागोव्याचा

फॉलो अप हा टप्पा सगळे गाळतात, कारण डिसेंबर आलेला असतो आणि सगळे थकलेले असतात. तो गाळू नका. काय जमलं, काय नाही, पुन्हा केलं तर काय बदलू, हे तर लिहायचंच. पण प्लॅनिंग प्रोसेसमध्येच आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती म्हणजे मदत करणाऱ्यांचे आभार मानायचे.

मी त्यासाठी पूर्ण एक तास ठेवते. हाताने लिहायचं, ईमेल चालत नाही. परीक्षकांना, कापड देणाऱ्यांना, ज्या खेळाडू मित्राने तीन दिवस आपण काय खाल्लं ते लिहून दिलं त्याला. त्या मुलीने एक पत्र वडिलांना लिहिलं. त्यांच्याच पत्त्यावर, तिकीट लावून, टपालाने. माझ्या टेबलावर पुठ्ठ्याची एक पेटी असते. सगळी पत्रं त्यात पडली की मी ती स्वतः पोस्टात नेऊन टाकते, आणि घरी येऊन मग गुण भरायला बसते.